रस्ता महापालिकेचा, फूटपाथ घरमालकाचा, मग कोपरा कुणाचा?

पहाटे पाचला फोन वाजला की साताऱ्यात कुणाचं काही बरंवाईट झालं का, असं वाटून छातीत धस्स होतं. बॉस्टनला राहायला आल्यापासून त्यात आणखी एका शक्यतेची भर पडली आहे. फोन शाळेचाही असू शकतो. टेप केलेला आवाज सांगतो, वादळामुळे आज शाळा बंद. कधी हा निरोप आदल्या संध्याकाळीच येतो, कधी असा पहाटे. मुलगी झोपेतच हसते आणि कूस बदलते. आम्ही दोघं मात्र पुढचा अर्धा तास कुजबुजत भांडतो, की आज घरी कुणी थांबायचं.

काही वर्षांपूर्वी आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आमच्याकडे आली होती. आल्या आल्या फूटभर बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख ऊन, रस्ता काळाभोर, कोरडा, गाड्या धावतायत. आई कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाते म्हणून बाहेर पडली आणि दहा मिनिटांत परत आली. बूट नडगीपर्यंत ओले.

"अगं, रस्ता आरशासारखा आणि फूटपाथवर गुडघाभर बर्फ! एवढी श्रीमंत नगरपालिका, अन् फूटपाथ झाडायला माणूस नाही?"

तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. पण प्रश्न बिनतोड होता. दरवर्षी न चुकता बर्फ पडणारं शहर दरवर्षी त्याच बर्फाने अडतं कसं? आणि शाळा उघडायची की नाही, यावर एवढा खल कशाला? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

तीन पोती ज्वारी

आधी बर्फाचं वजन समजून घेऊ, कारण सिनेमातला बर्फ पिसासारखा दिसतो आणि तिथेच फसगत होते. ताजा, भुरभुरीत बर्फ एका घनमीटरला साधारण 100 किलो भरतो. ओला बर्फ दुप्पट किंवा त्याहून जास्त. आता एक साधं घर घ्या. समोरचा फूटपाथ 30 फूट लांब, आणि त्यातली साडेतीन फुटांची वाट मोकळी करायची आहे. फूटभर बर्फ पडला तर तेवढ्या पट्ट्यातच साधारण 3 घनमीटर बर्फ होतो. म्हणजे तीनशे किलो. ज्वारीची तीन पोती, फावड्याफावड्याने उचलून बाजूला टाकायची. बर्फ ओला असेल तर सहा पोती. उणे पाच अंशांत, कामावर जाण्याआधी. बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन माणसं दगावतात, ती उगाच नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, अंगमेहनतीची सवय नाही आणि एकदम तीन पोत्यांचं ओझं.

बॉस्टनमध्ये एका हिवाळ्यात सरासरी चारेक फूट बर्फ पडतो. तो रोज थोडा थोडा पडत नाही. त्याचा बराचसा हिस्सा मोजक्या वादळांत येतो. या वादळांना इथे नॉरईस्टर म्हणतात. कमी दाबाचा पट्टा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला धरून वर सरकतो आणि समुद्रावरून ईशान्येचा वारा ओल घेऊन शहरावर आदळतो, म्हणून ते नाव. वादळाची वाट किनाऱ्याच्या थोडी अलीकडे सरकली तर समुद्राची ऊब आत येऊन बॉस्टनमध्ये पाऊस पडतो, थोडी पलीकडे सरकली तर सगळा बर्फ समुद्रात. शहर नेमकं त्या सीमारेषेवर बसलं आहे. पाच-पन्नास किलोमीटरच्या फरकाने फूटभराचा अंदाज शून्यावर येऊ शकतो. हे लक्षात ठेवा, शाळांपाशी आलो की लागेल.

प्लाऊ बर्फ नेत नाही, ढकलतो

बॉस्टन शहराकडे सुमारे 850 मैलांचे रस्ते आहेत. वादळ आलं की शहराच्या आणि कंत्राटदारांच्या मिळून शेकडो गाड्या पुढे पातं लावून बाहेर पडतात. या गाडीला प्लाऊ म्हणतात, शब्दशः नांगर. आणि नांगरासारखीच ती माती, म्हणजे बर्फ, एका अंगाला टाकत जाते. इथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून बर्फही उजवीकडे, म्हणजे फूटपाथच्या कडेला पडतो. शेताला बांध घालावा तसा रस्त्याच्या कडेने कंबरभर उंचीचा बर्फाचा बांध तयार होतो. रस्ता मोकळा झाला म्हणजे बर्फ गेला, असं नव्हे. तो दोन मीटर बाजूला सरकला.

आता कायदा बघा. रस्ता शहराचा. पण फूटपाथ साफ करायची जबाबदारी त्याला लागून ज्याची मालमत्ता आहे त्याची. बॉस्टनचा नियम असा: बर्फ थांबल्यापासून 3 तासांत, आणि रात्री थांबला असेल तर सूर्योदयानंतर 3 तासांत, निदान 42 इंच रुंदीची वाट करायची. 42 इंच कशासाठी, तर व्हीलचेअर आणि बाबागाडी जावी म्हणून. केलं नाही तर दंड. उपसलेला बर्फ रस्त्यावर टाकायचा नाही, त्यालाही दंड.

कागदावर चोख आहे. अडचण जमिनीवर सुरू होते. एका गल्लीत वीस घरं आहेत. अठरांनी फूटपाथ झकास साफ केला. एक घर रिकामं आहे, आणि एकाचा मालक हिवाळाभर फ्लोरिडात असतो. (आमचाच. त्याने नेमलेला माणूस येतो, पण "येतो" या शब्दाला मराठीत जितकी लवचीकता आहे तितकीच इथेही आहे.) साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीवर तुटते, तसा फूटपाथही. नव्वद टक्के साफ झालेल्या फूटपाथचा काठी टेकत चालणाऱ्या माणसाला शून्य टक्के उपयोग. त्या दोन घरांपाशी त्याला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि उतरायचं तर मध्ये तो बांध.

आणि मग कोपरा. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे प्लाऊ वळतो आणि पात्यावरचा सगळा माल त्या वळणावर रिकामा करतो. फूटपाथवरून रस्त्यावर उतरायचा उतार नेमका तिथेच असतो. तो उतार मोकळा ठेवणंही नियमाने कोपऱ्यावरच्या घरमालकाकडेच येतं. त्याला दोन बाजूंचा फूटपाथ, वर उतार, वर प्लाऊचा प्रसाद. बिचारा सकाळी सातला घाम गाळून उतार मोकळा करतो, साडेआठला प्लाऊ दुसरी फेरी मारून तो परत भरून जातो. या खेपेला तो भुरभुरीत बर्फ नसतो. रस्त्यावरचं मीठ, पाणी आणि चाकांनी दाबलेले गोळे असं ते मिश्रण रात्रीत सिमेंटसारखं घट्ट होतं. मग फावडं चालत नाही, पहार लागते.

मॉन्ट्रियलमध्ये हे काम महापालिका स्वतः करते. फूटपाथवर मावणारी छोटी यंत्रं आहेत, आणि मोठं वादळ झालं की बांधातला बर्फ यंत्राने ट्रकात उडवून ठरलेल्या जागी नेऊन टाकतात. टोरांटोनेही अलीकडच्या वर्षांत शहरभरच्या फूटपाथची जबाबदारी अंगावर घेतली आहे. या गोष्टीला पैसा लागतो, हे खरं. पण बॉस्टनमध्ये चर्चा निघाली की खर्चाचाच आकडा पुढे येतो आणि एक गोष्ट बाजूला राहते, की तो खर्च आत्ताही होतोच आहे. तो वीस घरांच्या कंबरेतून आणि घसरून पडणाऱ्यांच्या मनगटातून वसूल होतो, शहराच्या हिशोबात दिसत नाही एवढंच.

मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात तर वर्षानुवर्षं एक गंमतच होती. तुमच्या जागेत बर्फ जसा पडला तसाच पडून राहिला आणि कुणी घसरलं, तर तुमच्यावर सहसा जबाबदारी येत नसे, कारण ती "निसर्गाची करणी". पण तुम्ही फावडं मारलंत, ढीग केलात, तो वितळून परत गोठला आणि त्यावर कुणी पडलं, तर मात्र दावा लागू शकत असे. म्हणजे हात न लावणारा सुरक्षित आणि साफ करायला गेलेला अडकलेला. सव्वाशे वर्षांहून जास्त चाललेला हा भेद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मोडीत काढला. आता आपल्या आवारात येणाऱ्यासाठी वाजवी काळजी घेतली होती का, एवढंच बघतात.

पॉट आइस्क्रीम आणि रस्त्यावरचं मीठ

उन्हाळ्यात लाकडी बादलीत फिरवून केलेलं पॉट आइस्क्रीम ज्यांनी खाल्लं आहे त्यांना रस्त्यावरच्या मिठाचं शास्त्र अर्धं ठाऊक असतं. डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ घालतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली जातो, बर्फ वितळायला लागतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि आतलं दूध गोठतं. रस्त्यावर हेच, फक्त तिथे आपल्याला दूध गोठवायचं नाही, बर्फाचं पाणी व्हायला हवं आहे.

पण मिठाला मर्यादा आहे. प्रयोगशाळेत मिठाचं दाट पाणी उणे 21 अंशांपर्यंत न गोठता राहू शकतं. रस्त्यावर तेवढं दाट पाणी कुठून आणणार? व्यवहारात उणे 9 अंशांच्या खाली साधं मीठ फारच हळू काम करतं. मग कॅल्शियम क्लोराइडसारखे महागडे क्षार वापरावे लागतात, किंवा नुसती वाळू टाकून पाय रोवायची सोय करायची. वादळाच्या आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा ओढलेल्या दिसतात, तेही मिठाचं पाणीच. बर्फ डांबराला चिकटूच नये म्हणून आधीच मारलेलं असतं. नंतर मारण्यापेक्षा त्याला मीठही कमी लागतं.

फूटपाथवर खरा घात होतो तो वादळानंतर दोन-तीन दिवसांनी. दुपारी उन्हाने बांध वितळतो, पाणी साफ केलेल्या वाटेवर पसरतं, चारनंतर सूर्य कलला की त्याचा काचेसारखा पारदर्शक थर होतो. खालचं सिमेंट दिसत असतं, म्हणून डोळ्याला काही कळत नाही. इथे त्याला "काळा बर्फ" म्हणतात. गुडघाभर बर्फात माणूस जपून चालतो आणि फारसा पडत नाही. पडतो तो अशा स्वच्छ दिसणाऱ्या वाटेवर. आईला मी पेंग्विनसारखं चालायला शिकवलं: पावलं छोटी, पाय थोडे फाकलेले, वजन पुढच्या पायावर आणि हात खिशाबाहेर. "या वयात आता बदकासारखी चालू का?" म्हणत ती चालली, आणि मुक्कामभर एकदाही पडली नाही. मी दोनदा पडले.

मिठाचे दुष्परिणामही आहेत. गाड्यांचे पत्रे सडतात, झाडांची मुळं करपतात, क्षार नदी-नाल्यांत उतरतात, कुत्र्यांचे पंजे चिरतात. दारातल्या चपलांवर पांढऱ्या नक्षीदार कडा उमटतात, त्या व्हिनेगरने पुसल्या की जातात.

आगगाडी का अडते

रस्त्यांचं एक वेळ कळतं. पण रूळ तर मोकळे असतात, मग गाड्या का बंद पडतात? बॉस्टनच्या लोकल-मेट्रोला सगळे "टी" म्हणतात. 1888च्या मार्चमध्ये ईशान्य किनाऱ्यावर आलेल्या महाभयंकर हिमवादळानंतर वाहतूक जमिनीखाली न्यावी या विचाराला बळ मिळालं, आणि 1897मध्ये बॉस्टनमध्ये अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग सुरू झाला. पण सगळी टी भुयारात नाही. शहराच्या बाहेरच्या अंगाला बरेच मार्ग उघड्यावर आहेत, आणि गाडीला तेही पार करावे लागतात.

रेड आणि ऑरेंज या मार्गांवर वीज डोक्यावरच्या तारेतून येत नाही. रुळांशेजारी जमिनीलगत तिसरा रूळ असतो, त्यातून येते. डब्याला लावलेला धातूचा जोडा त्यावरून घासत जातो. त्या रुळावर बर्फाचा पापुद्रा धरला की जोडा टेकूनही वीज मिळत नाही. दुसरं दुखणं मोटारींचं. जुन्या डब्यांच्या मोटारी थंड राहण्यासाठी खालून हवा ओढतात. हवेबरोबर पिठासारखा बारीक बर्फ आत जातो, गरम मोटारीत वितळतो आणि शॉर्ट सर्किट होतं.

2015च्या हिवाळ्यात हे सगळं एकदम झालं. त्या हंगामात बॉस्टनच्या विमानतळावर 110.6 इंच, म्हणजे नऊ फुटांहून जास्त, बर्फाची नोंद झाली. शहराच्या नोंदीतला तो उच्चांक आहे. त्यातला 64.8 इंच एकट्या फेब्रुवारीत पडला. एका वादळाचा बांध हटवायच्या आत दुसरं येत होतं. 9 फेब्रुवारीला संध्याकाळी सातला टीची रेल्वेसेवा थांबवली ती 10 तारखेला पूर्ण दिवस बंदच राहिली. दुसऱ्याच दिवशी टीच्या महाव्यवस्थापक बेव्हर्ली स्कॉट यांनी राजीनामा जाहीर केला. डबे कित्येक दशकं जुने होते आणि दुरुस्तीचे पैसे वर्षानुवर्षं पुढे ढकलले गेले होते, पण राजीनामा द्यायला कुणीतरी लागतं. त्यानंतर तिसरा रूळ बदलणं, तो तापवणाऱ्या पट्ट्या, बर्फ हटवायची नवी यंत्रं यांवर सुमारे 8 कोटी डॉलरची योजना आली.

शहराने त्या हिवाळ्यात ट्रकांनी बर्फ नेऊन मोकळ्या मैदानांवर ओतला. बंदराजवळच्या एका मैदानावरचा ढीग सात-आठ मजली उंच झाला होता. तो पुरता वितळला 14 जुलैला.

शाळा: किती पडला यापेक्षा कधी थांबला

मुंबईकरांना हे चटकन कळेल. मुंबईत किती मिलिमीटर पाऊस झाला यापेक्षा तो भरतीच्या वेळेला गाठून आला का, यावर शहर बुडणार की नाही हे ठरतं. इथेही इंच दुय्यम. संध्याकाळी पाचला थांबलेला आठ इंच बर्फ रात्रभरात आवरता येतो. पहाटे चारला सुरू झालेला तीन इंच बर्फ मात्र शाळा बंद पाडू शकतो, कारण तासाला एक-दोन इंचांच्या वेगाने पडायला लागला की प्लाऊ पुढे जातो आणि मागे रस्ता परत पांढरा होतो.

हा निर्णय शाळांच्या अधीक्षकांचा. आदल्या दिवशी हवामान खातं, महापौरांचं कार्यालय, रस्ते विभाग आणि शेजारच्या गावांचे अधीक्षक यांच्याशी फोनाफोनी होते. सोप्या भाषेत सांगायचं तर ते चार गोष्टी बघतात: बस निघतील का, शिक्षक पोचतील का, इमारती गरम राहतील का, आणि मूल दारापासून बसपर्यंत चालत जाऊ शकेल का.

पहिल्या तीनवर बरंच बोललं जातं. शेवटची मला सगळ्यात अवघड वाटते. वर सांगितलेला नियम परत बघा. रात्री बर्फ थांबला तर घरमालकाला सूर्योदयानंतर 3 तास मिळतात. जानेवारीअखेर इथे सातच्या सुमारास उजाडतं. म्हणजे दहापर्यंत मुदत. आणि शाळेची पहिली घंटा साडेसातच्या आसपास. गल्लीतल्या प्रत्येक घरमालकाने कायदा तंतोतंत पाळला तरी पहिल्या पाळीची मुलं साफ न झालेल्या फूटपाथवरून किंवा सरळ रस्त्यातून चालत जाणार, अर्धवट उजेडात, घसरणाऱ्या गाड्यांच्या बाजूने. सातवीपासून पुढच्या मुलांना इथे टीचा पास असतो, ती शाळेच्या पिवळ्या बसने जात नाहीत. त्यांच्यासाठी टी अडखळली की शाळा अडखळली. शाळेची घंटा एका खात्याची, फूटपाथचा नियम दुसऱ्याचा, टी तिसऱ्याची. अधीक्षकाला एका फोनवर हे तिन्ही जुळवायचे असतात.

मग दोन तास उशिरा का उघडत नाहीत? आसपासच्या गावांत तसं करतात. शहरात एकच बस एका शाळेची मुलं सोडून दुसरीची आणायला जाते, मग तिसरीची. शाळांच्या वेळा त्यासाठीच पुढेमागे ठेवलेल्या आहेत. पहिली फेरी दोन तास सरकवली की शेवटच्या शाळेची सकाळ दुपारवर जाते.

थंडीचं गणित वेगळंच. बर्फ अजिबात नसतानाही शाळा बंद राहू शकते. तापमान उणे 18 आणि ताशी 24 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 28 वाटतं, आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बस उशिरा आली तर स्टॉपवर अर्धा तास सहज जातो.

निर्णय चुकतोही. 13 फेब्रुवारी 2024चं वादळ हा त्याचा नमुना. बॉस्टनला बराच बर्फ होणार असा अंदाज होता. आदल्या दिवशीच शाळा बंद जाहीर झाल्या, रस्त्यांवर गाड्या लावायला बंदी आली. वादळाची वाट दक्षिणेकडे सरकली आणि बॉस्टनमध्ये पिठीसाखर भुरभुरावी तेवढाच बर्फ पडला. मुलं दिवसभर कोरड्या अंगणात सायकली फिरवत होती. लोकांनी अधीक्षकांना आणि महापौरांना धारेवर धरलं. मला ते पटलं नाही. पहाटे चारपर्यंत थांबून निर्णय घेतला असता तर तो बरोबर ठरला असता, पण रात्रपाळीच्या नर्सला आणि पहाटेच्या सफाई कामगाराला मूल कुठे ठेवायचं हे पहाटे चारला कळून काय उपयोग?

त्याच वादळात न्यूयॉर्कने दुसरा मार्ग धरला. तिथे सुट्टी न देता सगळ्यांना घरून ऑनलाइन शाळा. सकाळी लाखो मुलं एकदम आत शिरायला गेली आणि लॉगिनची यंत्रणाच कोलमडली. मॅसॅच्युसेट्समध्ये अशी सोयही नाही. वर्षाला 180 दिवस शाळा भरायलाच हवी आणि बर्फाच्या दिवशी घरून केलेला ऑनलाइन दिवस त्यात धरत नाहीत. गेलेला दिवस जूनमध्ये भरून काढायचा.

सुट्टीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे वेगळं सांगायला नको. आम्ही लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणतो, मुलीला चित्रकलेची वही देतो आणि दिवस निघतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई हॉटेलात ताशी पगारावर काम करतात. शाळा बंद म्हणजे त्यांची त्या दिवसाची कमाई बुडाली. बॉस्टनच्या सरकारी शाळांत सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट मिळतं, तेही त्या दिवशी घरूनच. त्यामुळे "जरा बर्फ पडला की शाळा बंद, आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणारे आणि "एका मुलाचाही पाय मोडता कामा नये" म्हणणारे दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. बर्फात अडकलेली गाडी उकरताना मुलांना ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून आत बसवू नका. मागची धुराची नळी बर्फात बुजलेली असली की कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला ना रंग ना वास. फेब्रुवारी 2013च्या वादळात बॉस्टनमध्ये एक मुलगा असाच गेला. आधी नळी मोकळी, मग इंजिन.

खुर्ची

आईला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगायची राहिली. रस्त्यावरची गाडी उकरायला दोन तास घालवल्यावर ती जागा सोडून जाताना लोक तिथे खुर्ची ठेवून जातात. कुणी ट्रॅफिकचा शंकू, कुणी इस्त्रीचं टेबल. अर्थ एवढाच, की ही जागा मी खणली आहे, माझी. बॉस्टनमध्ये शहराने जाहीर केलेली हिम-आणीबाणी उठल्यापासून 48 तास हे चालवून घेतात, साउथ एंडसारख्या एखाद्या भागात मात्र मनाई आहे. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच की," आई म्हणाली. तिने ती पद्धत एका वाक्यात समजून घेतली. खुर्ची हलवणाऱ्याच्या टायरमधली हवा जाते, हेही तिला ओळखीचं वाटलं.

त्या वादळानंतर तिसऱ्या दिवशी शाळा उघडली. आईही मुलीला सोडायला आली. कोपऱ्यावर बस नेहमीच्या जागी थांबूच शकली नाही, मधल्या लेनमध्ये उभी राहिली, आणि मुलं दप्तरांसकट एकेक करून बांधावरून चढून पलीकडे उतरली. एका मुलाचा बूट बांधातच राहिला. ड्रायव्हरने खाली उतरून तो ओढून काढला.

बस गेल्यावर आई म्हणाली, फावडं दे. मी नको नको म्हणत असताना तिने आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आयरिश शेजाऱ्याने मिळून उतार मोकळा केला. तिने शेतात दांड पाडावा तशी सरळ वाट काढली, तो पहारीने कडा तोडत होता. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तासाभराने फूटपाथवरून रस्त्यावर व्हीलचेअर उतरेल एवढी जागा झाली. त्याने आईला चहा विचारला, ती मानेनेच नको म्हणाली.

साडेदहाला प्लाऊ आला. दुपारी मुलीला आणायला गेले तेव्हा कोपरा परत बंद होता.